हस्तनिर्मित वेष्टने : टाकाऊ माल आणि श्रमाचे मोल

दिवाळी, रक्षाबंधन आणि लग्नसराई या काळात आपल्या बाजारपेठांमध्ये वस्तूंबरोबर त्यांच्या वेष्टनांचीही मोठी उलाढाल होते. मिठाईचा पुडा, सुकामेव्याची पेटी, आहेराचे पाकीट, अत्तराच्या कुपीची डबी अशा भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या वस्तूंना वेष्टन लागतेच, आणि ते देखणे असावे अशी अपेक्षाही असते. असे वेष्टन हाताने, घरच्या घरी आणि बऱ्याच अंशी टाकाऊ साहित्यातून तयार करता येते. त्यासाठी भांडवल थोडे पुरते, मोठी यंत्रसामग्री लागत नाही आणि कौशल्य काही दिवसांत आत्मसात होते. त्यामुळे महिला बचत गटांसाठी सुचविल्या जाणाऱ्या गृहोद्योगांत त्याचा उल्लेख वारंवार आढळतो. तथापि, वेष्टन तयार करता येणे आणि त्यातून उपजीविका होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात बुंदेलखंडातील झाशी परिसराच्या आधारे या उद्योगाचा कच्चा माल, निर्मितीची पद्धत आणि अर्थकारण यांचा विचार केला आहे.

सदर बाजार आणि परिसर

ब्रिटिश काळात लष्करी छावणीच्या मुख्य बाजारपेठेस ‘सदर बाजार’ म्हणत. साताऱ्याचा सदर बाजार किंवा नागपूरचे सदर ही नावे त्याच परंपरेतील आहेत. झाशीच्या छावणी भागातील सदर बाजारही असाच. अशा बाजारपेठेचे वैशिष्ट्य म्हणजे वेष्टनाचा ग्राहक, वेष्टनाचे साहित्य आणि वेष्टनातून निघणारा कचरा या तिन्ही गोष्टी तेथे एकमेकींच्या शेजारी असतात. मिठाई, कपडे आणि भेटवस्तू विकणाऱ्यास पेट्या हव्या असतात; फीत, गोटा, लेस, टिकल्या, डिंक हे साहित्य त्याच परिसरात मिळते; आणि दुकानांत आलेल्या मालाची रिकामी खोकी सायंकाळी भंगारवाल्याकडे जातात.

झाशीला लाभलेली आणखी एक अनुकूलता म्हणजे हातकागदाचे सान्निध्य. झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यमुनेच्या काठी काल्पी हे गाव आहे. १८५८ मध्ये झाशी सोडल्यावर राणी लक्ष्मीबाई जेथे पोहोचल्या तीच ही काल्पी. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव इतिहासातून परिचित असते. आज हे गाव हातकागदासाठी ओळखले जाते. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना सुरू केली, तेव्हा काल्पी ज्या जालौन जिल्ह्यात आहे त्याचे उत्पादन म्हणून हातकागदाची निवड झाली. झाशी जिल्ह्यासाठी कापडी मऊ खेळणी निवडण्यात आली.

झाशीजवळच, मध्य प्रदेशातील ओरछा येथे, ‘डेव्हलपमेंट आल्टरनेटिव्हज’ या संस्थेने १९९० च्या दशकात ‘ताराग्राम’ हे केंद्र उभारले. तेथे सुती चिंध्यांपासून हातकागद करण्याचे काम प्रामुख्याने स्थानिक ग्रामीण स्त्रियांनी केले. विजेसाठी जैवभार वापरण्याचा प्रयोगही तेथे झाला. त्याकरिता ‘बेशरम’ ही पाणथळ जागी माजणारी वनस्पती इंधन म्हणून घेण्यात आली. चिंधी आणि तण या दोन निरुपयोगी मानलेल्या गोष्टींतून कागद आणि रोजगार निर्माण होऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखविले.

चिंधीपासून कागदापर्यंत

हातकागदाची मराठी प्रदेशातील परंपराही जुनी आहे. दौलताबादी आणि जुन्नरी कागद एकेकाळी दफ्तरांतून वापरात होते. दौलताबादजवळचे कागझीपुरा हे गाव आपल्या नावातच हा व्यवसाय जपून आहे. गिरण्यांच्या कागदापुढे ही परंपरा क्षीण झाली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून काम करणाऱ्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाला पुन्हा चालना दिली. डॉ. जे. सी. कुमारप्पा हे या संघाचे सूत्रधार होते. पुण्यातील हातकागद संस्था १९४० च्या सुमारास याच विचारातून उभी राहिली. जयपूरजवळ सांगानेर येथील राष्ट्रीय हातकागद संस्थेला कुमारप्पांचे नाव देण्यात आले आहे.

कागद म्हणजे पाण्यात सुटे केलेले तंतू पुन्हा एकमेकांत गुंतवून केलेला पातळ थर होय. लाकडापासून कागद करताना त्यातील लिग्निन हा चिकट घटक रसायनांनी काढावा लागतो. कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असल्याने सुती चिंधीला ती प्रक्रिया लागत नाही. चिंध्या निवडून, गुंड्या व शिवण काढून त्यांचे बारीक तुकडे करतात. ते बीटर यंत्रात पाण्याबरोबर कुटून लगदा करतात. जाळीच्या चौकटीवर लगद्याचा थर उचलतात. तो कापडावर उलटवून दाबयंत्राखाली पाणी काढतात आणि ताव वाळवितात. शेवटी खळ लावून आणि घोटून त्याला गुळगुळीतपणा आणला जातो. सुती तंतू लांब असल्यामुळे हा कागद घडीवर सहसा फाटत नाही. पेटीसाठी हा गुण महत्त्वाचा आहे. याउलट रद्दीचा कागद जितक्या वेळा पुन्हा लगद्यात जातो तितके त्याचे तंतू आखूड होत जातात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कापडाची प्रत्येक चिंधी कागदाला चालत नाही. मऊ खेळण्यांसाठी वापरले जाणारे केसाळ कापड बहुधा कृत्रिम धाग्याचे असते आणि त्याचा लगदा होत नाही. झाशीत ज्या वस्तूला प्रोत्साहन आहे तिचे कातरण शेजारच्या काल्पीच्या बीटरमध्ये घालता येईलच असे नाही. मात्र तेच कातरण पेटीच्या आत, नाजूक वस्तूभोवती भरण म्हणून उपयोगी पडते.

टाकाऊ साहित्याची निवड

वेष्टनासाठी पुन्हा वापरता येणारे साहित्य तीन प्रकारचे असते : खोक्यांचा पुठ्ठा, काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे. या तिन्हींच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच विचारावा : यात पूर्वी काय होते? औषधे, कीटकनाशके, रंग किंवा सफाईची रसायने ज्यात होती ते भांडे कितीही सुंदर असले तरी घेऊ नये. लाडू, चिवडा, मुखवास यांसारख्या पदार्थांसाठी ज्यात पूर्वी खाद्यपदार्थच होते अशाच काचेच्या बरण्या निवडाव्यात. धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात बरणी काही तास ठेवली की लेबल सुटते. उरलेला चिकटपणा खाण्याचा सोडा आणि थोडे तेल एकत्र चोळल्यास निघतो. लोणच्याचा वास काचेत राहत नाही, तो झाकणाच्या अस्तरात राहतो. म्हणून झाकण नवे घ्यावे. पत्र्याच्या डब्यात गंजाचा ठिपका दिसला तर तो मेणबत्त्या किंवा दागिने अशा कोरड्या वस्तूंसाठीच राखून ठेवावा.

पेटीचे अस्तर हा दुसरा प्रश्न. छापील वर्तमानपत्र सहज मिळते, परंतु छपाईच्या शाईतील घटक तेलकट पदार्थांत उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या वेष्टनविषयक विनियमांनुसार अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास किंवा साठविण्यास मनाई आहे. त्यामुळे मिठाईच्या पेटीत अन्नासाठी योग्य असा कोरा, तेल न शोषणारा कागद वेगळा घालावा. डिंकाबाबतही हेच लक्षात घ्यावे. पुस्तकबांधणीत खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत आहे. ते विषारी असल्याने खाद्यपदार्थाच्या पेटीसाठी अशी खळ वापरू नये.

तिसरा मुद्दा प्लास्टिकचा आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या डब्यांभोवती व निमंत्रणपत्रिकांभोवती गुंडाळले जाणारे पातळ प्लास्टिक आणि सजावटीचे थर्माकोल यांचा समावेश आहे. ही बंदी म्हणजे हातकागदाच्या वेष्टनाला मिळालेली संधी होय. परंतु ही संधी घेणाऱ्याने स्वतःच्या पेटीवर प्लास्टिकची लेस, चमकी आणि चकचकीत फीत चिकटविली, तर पुन्हा लगदा होऊ शकणारा कागद कायमचा कचरा बनतो. टाकाऊतून टिकाऊ करताना नवे टाकाऊ निर्माण होऊ नये, ही या उद्योगाची पहिली कसोटी मानली पाहिजे.

पेटीची रचना : एका सेंटिमीटरचे महत्त्व

हातकागदाचा प्रचलित ताव सुमारे ५६ × ७६ सेंटिमीटरचा असतो. समजा, १५ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंचीची पेटी करावयाची आहे. तळ आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून २५ सेंटिमीटरचा चौरस लागतो. कडा सरळ केल्यावर ताव पूर्ण मापाचा राहिला, तर आडवे दोन आणि उभे तीन असे सहा चौरस त्यातून निघतात. आता तळ केवळ १ सेंटिमीटरने वाढवून १६ केला, तर २६ सेंटिमीटरचा चौरस लागतो. ७६ सेंटिमीटरमध्ये असे तीन बसत नाहीत. तावातून फक्त चार निघतात. एका सेंटिमीटरने प्रत्येक तळामागील कागदाचा खर्च दीडपट होतो. यासाठी आधी ताव मोजावा आणि मग पेटीचे माप ठरवावे. दुकानदाराशी बोलणी करतानाही हे गणित हाताशी असावे.

झाकणाचे माप तळापेक्षा किंचित, ३ ते ४ मिलिमीटर, मोठे ठेवतात. ३ सेंटिमीटर उंचीच्या झाकणासाठी साधारण साडेएकवीस सेंटिमीटरचा चौरस पुरतो आणि तावातून तेही सहाच निघतात. घडीच्या रेषा आखल्यावर त्या पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने किंवा सुरीच्या बोथट पाठीने दाबून घ्याव्यात. रेष न दाबता घातलेली घडी वाकडी होते आणि कागदाचा पृष्ठभाग तडकतो. चारही कोपऱ्यांवर एकेक चीर देऊन तयार होणारी पाकळी शेजारच्या भिंतीच्या आत चिकटवावी. कागद पातळ असेल तर आतून खोक्याचा पुठ्ठा लावावा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस ओला कागद चिकटविल्यास तो वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठा वाकतो. म्हणून दुसऱ्या बाजूसही कागद लावून वजनाखाली वाळविणे हिताचे. यंत्राच्या कागदाला तंतूंची एक दिशा असते आणि त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते. हातकागदात तंतू सर्व दिशांनी पसरलेले असल्याने ही अडचण कमी जाणवते.

श्रमाचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा पेटीतून करणाऱ्या स्त्रीच्या हाती काय पडते? पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक गटाने आपल्या बाजारातील दर घालून हा हिशोब करावा.

कागदाचा ताव २४ रुपयांना मिळतो असे धरल्यास एका पेटीच्या तळाला ४ आणि झाकणाला ४ रुपयांचा कागद लागतो. डिंक, लेबल व फीत यांचे मिळून ४ रुपये धरू. साहित्याचा एकूण खर्च १२ रुपये. दुकानदार २५ रुपये देतो. ‘एका पेटीमागे १३ रुपये नफा’ असे येथे सहज म्हटले जाते. हे १३ रुपये नफा नव्हेत. त्यात श्रम, नासधूस, वाहतूक आणि जोखीम या सर्वांचा मोबदला सामावलेला आहे.

एक स्त्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेटी एकटीने करते आणि तिला अर्धा तास लागतो असे मानू. आठ तासांत १६ पेट्या होतात. त्यांतील एक बिघडली तर १५ विकल्या जातात. उत्पन्न ३७५ रुपये, साहित्य १९२ रुपये, उरले १८३. बाजारात माल पोहोचविण्याचे २० रुपये वजा केल्यावर १६३ रुपये राहतात. ही रक्कम राज्यात लागू असलेल्या अकुशल कामाच्या किमान वेतनाशी ताडून पाहावी. ती कमी पडत असेल, तर हा उद्योग नफ्यात नसून स्त्रीच्या न मोजलेल्या श्रमावर चालला आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

हे चित्र बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला श्रमविभागणीचा. गटातील एकीने फक्त आखणी व कापणी, दुसरीने घड्या, तिसरीने चिकटविणे आणि तपासणी असे काम वाटून घेतल्यास डिंक वाळण्याची प्रतीक्षा वाया जात नाही. एका पेटीचा वेळ अर्ध्या तासावरून २० मिनिटांवर आला, तर आठ तासांच्या श्रमात २४ पेट्या होतात. एक बिघडली असे धरून २३ पेट्यांचे ५७५ रुपये येतात. २८८ रुपये साहित्य आणि २० रुपये वाहतूक वजा जाता २६७ रुपये उरतात. दुसरा मार्ग सजावट कमी करण्याचा. चकचकीत फितीऐवजी कातरणाच्या कागदाची पीळ दिलेली दोरी वापरून पेटीमागे २ रुपये वाचले, तर हीच शिल्लक ३१५ रुपयांवर जाते. उलट तळाचे माप १६ सेंटिमीटर केले, तर तळाचा कागद ४ ऐवजी ६ रुपयांचा होतो आणि दिवसाचे ४८ रुपये केवळ मापाच्या चुकीपायी जातात. म्हणजे सजावटीत साधलेली सर्व बचत एका सेंटिमीटरमध्ये संपते.

टाकाऊ बरणीच्या बाबतीत हा हिशोब अधिक फसवा असतो, कारण बरणी फुकट मिळाल्यासारखी वाटते. ती गोळा करणे, निवडणे, लेबल काढणे, धुणे, वाळविणे या प्रत्येक कामाला वेळ लागतो. बरणी धुण्यात १५ मिनिटे गेली असतील तर तो तिच्या किमतीचा भाग आहे. भंगारवाल्याकडून एकाच आकाराच्या, निवडलेल्या बरण्या थोडे पैसे देऊन घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. शिवाय त्या व्यवहारातून कचरा वेचणाऱ्यांनाही निवडलेल्या मालाचा चांगला भाव मिळू शकतो.

पूर्वानुभव आणि संस्थात्मक आधार

श्रमाचे मोल किमतीत धरल्यास वस्तू महाग होते आणि ग्राहक पाठ फिरवितो, ही भीती नवी नाही. खादीच्या बाबतीत हाच पेच १९३५ मध्ये उभा राहिला. सूत कातणाऱ्या स्त्रियांना अत्यल्प मजुरी मिळत होती, म्हणूनच खादी स्वस्त राहू शकत होती. गांधीजींच्या आग्रहाने अखिल भारत चरखा संघाने कताईसाठी किमान मजुरीचे तत्त्व स्वीकारले. खादीची किंमत वाढेल हे ठाऊक असूनही हा निर्णय झाला. पुढे खादीला बाजारात अनेक अडचणी आल्या हे खरे. परंतु स्वस्त वस्तूचा भार अखेर कोण वाहतो, हा प्रश्न त्या निर्णयाने ऐरणीवर आणला. घरी बसून नगावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तो आजही लागू आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहाधारित कामाविषयी स्वतंत्र करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

दुसरी अडचण उधारीची. सणाच्या एक हजार पेट्यांसाठी वरील दराने १० ते १२ हजार रुपये साहित्यात आधीच गुंतवावे लागतात आणि दुकानदाराचे पैसे सण उलटल्यावर येतात. या दोन महिन्यांसाठी सावकाराकडून शेकडा तीन दराने कर्ज घेतल्यास १२ हजारांवर ७२० रुपये व्याज जाते. म्हणजे पेटीमागे सुमारे ७० पैसे. बचत गटाचा अंतर्गत निधी, बँकेशी जोडणी किंवा मुद्रा योजनेतील ५० हजार रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज हे पर्याय याच कारणासाठी महत्त्वाचे ठरतात. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. दहा-बारा स्त्रियांचा गट एखाद्या दुकानदाराविरुद्ध तक्रार करावयास जाईल, अशी शक्यता कमीच. तथापि, मागणी नोंदविताना निम्मी रक्कम आगाऊ घेणे आणि उरलेल्या रकमेची तारीख कागदावर लिहून घेणे एवढे करता आले, तरी गटाची स्थिती पुष्कळ सुधारते.

तिसरा प्रश्न स्पर्धेचा. यंत्रावर लाखांनी छापल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेटीशी किमतीत बरोबरी करणे हाताच्या कामाला शक्य नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. यंत्राला पन्नास पेट्यांची मागणी परवडत नाही. गटाला ती परवडते. एखाद्या लग्नघरासाठी साठ पेट्या, एखाद्या संस्थेच्या समारंभासाठी शंभर, दुकानदाराच्या नावासह लहान मापाच्या दोनशे, अशा छोट्या व वेगळ्या मागण्या हे हस्तनिर्मित वेष्टनाचे खरे क्षेत्र होय. रिकामी झाल्यावर पेटी घरात दागिने, सुया-दोरे किंवा पत्रे ठेवण्यासाठी राहिली, तर ग्राहकाने दिलेल्या अधिक किमतीचा मोबदला त्यालाही मिळतो.

उपसंहार

हस्तनिर्मित वेष्टनाचा उद्योग झाशीसारख्या शहरात रुजण्यासाठी कच्चा माल, कौशल्य आणि ग्राहक हे तिन्ही घटक उपलब्ध आहेत. कागझीपुरा, जुन्नर, वर्धा, पुणे अशी हातकागदाची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातही परिस्थिती फारशी वेगळी नाही. उणीव आहे ती हिशोबाच्या शिक्षणाची. गटांना पेटी करावयास शिकविणाऱ्या प्रशिक्षणात एक दिवस किंमत ठरविण्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी प्रत्येक स्त्रीने घड्याळ समोर ठेवून एक पेटी करावी, लागलेली मिनिटे लिहावीत, त्यांना किमान वेतनाचा दर लावावा आणि मगच विक्रीची किंमत सांगावी. ती किंमत बाजार देत नसेल तर माप बदलावे, सजावट कमी करावी, कामाची विभागणी करावी किंवा ती मागणी नाकारावी. हिशोबाच्या वहीत साहित्याच्या रकान्याशेजारी वेळाचाही एक रकाना असावा. या सुधारणेला कोणताही खर्च येत नाही, आणि गट वर्षभर टिकण्याची शक्यता तिच्यामुळे निश्चितच वाढते.